अँजिओप्लास्टीनंतरची वर्षे

हृदयविकारावर उपचार झालेला माणूस पुढे कशाने जातो, हा प्रश्न आपल्या घरांत सहसा कोणी विचारत नाही. विचारणे अशुभ वाटते, हे एक कारण. उत्तर आपल्याला ठाऊकच आहे अशी समजूत असते, हे दुसरे. ‘हार्टचे पेशंट होते’ एवढे वाक्य आपल्याला पुरते. दहा वर्षांपूर्वी नागपूरला नेऊन स्टेंट बसवला होता, आता गेले. म्हणजे हृदयानेच गेले असणार. तेराव्यापर्यंत दहा जणांकडून हे वाक्य ऐकले की ते घराच्या इतिहासात कायमचे जाऊन बसते.

या व्याख्यानात एवढेच सांगायचे आहे की ज्या ठिकाणी अशा रुग्णांची वर्षानुवर्षे नीट नोंद ठेवली गेली, तिथे ही समजूत निम्म्याहून अधिक वेळा चुकीची निघाली. आणि आपल्याकडे ती जेव्हा खरी ठरते, तेव्हा बऱ्याचदा टाळता येण्याजोग्या कारणाने खरी ठरते.

खैरलांजी म्हटले की महाराष्ट्रातल्या वाचकाला भंडारा जिल्ह्यातले त्याच नावाचे गाव आठवते. आपण बोलतो आहोत ते बालाघाट जिल्ह्यातले, तहसिलीचे गाव. वैनगंगेच्या खोऱ्यातले, धानाच्या बांध्यांचे, महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेले. १९५६ पर्यंत बालाघाट आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि नागपूर ही त्या राज्याची राजधानी होती. राज्ये वेगळी झाली, पण छातीत कळ आली की माणसाची दिशा अजून तीच राहिली आहे: आधी वारासिवनी, बालाघाट किंवा गोंदिया, आणि तिथून नागपूर. या वाटेवरच्या पहिल्या काही तासांविषयी आपण पुष्कळ बोलतो, आणि बोलायलाच हवे. देशातल्या ८९ केंद्रांतल्या २०,४६८ रुग्णांची नोंद करणारा ‘क्रिएट’ हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रुग्ण इस्पितळात पोचेपर्यंत मध्यम मानाने ३६० मिनिटे, म्हणजे सहा तास गेले होते. पण मला आज त्या सहा तासांनंतरच्या वर्षांकडे वळायचे आहे. माणूस पोचला, अँजिओग्राफी झाली, स्टेंट बसला, चौथ्या दिवशी घरी आला. तिथून पुढे.

पहिली अडचण शब्दांत आहे. ‘ब्लॉकेज काढले’ असे आपण म्हणतो. नळात कचरा अडकला होता, तो काढला, आता पाणी सुरळीत. हे चित्र सोपे आहे, पण त्याने मोठा घात केला आहे. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या भिंतीत चरबी, पेशी आणि चुना यांचा थर वर्षानुवर्षे साचतो. तो थर पाइपच्या आत चिकटलेला नसतो, भिंतीच्या पोटात असतो. आणि एखाद्याच जागी नसतो, कमी-जास्त प्रमाणात सगळीकडे असतो. अरुंद झालेल्या एका जागी स्टेंटची जाळी बसवून वाट रुंद केली, तरी बाकीची भिंत तशीच राहते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रॉस्पेक्ट’ या अभ्यासात झटक्यानंतर स्टेंट बसवलेल्या ६९७ जणांच्या तिन्ही मुख्य धमन्या आतून तपासून ठेवल्या होत्या. पुढच्या तीन वर्षांत १२.९ टक्के लोकांना स्टेंट बसवलेल्या जागीच पुन्हा त्रास झाला, आणि ११.६ टक्के लोकांना दुसऱ्याच जागी. या दुसऱ्या जागांपैकी बऱ्याचशा पहिल्या तपासणीच्या वेळी फारशा अरुंद दिसतही नव्हत्या. म्हणजे नवे संकट जवळजवळ निम्म्या वेळा अशा ठिकाणाहून आले, जिथे डॉक्टरांनी हात लावण्याचे कारणच नव्हते.

स्टेंट निरुपयोगी आहे असा याचा अर्थ मुळीच नाही. झटका चालू असताना धमनी उघडणे हा जीव वाचवणारा उपाय आहे, यात वाद नाही. आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये पहिली अँजिओप्लास्टी केली, तीही स्टेंटशिवाय, फक्त फुग्याने. तो पहिला रुग्ण तेव्हा ३८ वर्षांचा होता. ग्रुंट्झिग स्वतः १९८५ मध्ये विमान अपघातात गेले, वयाच्या ४६व्या वर्षी. त्यांचा तो रुग्ण त्यांच्यामागे कित्येक वर्षे हयात होता. एका माणसाच्या गोष्टीवरून नियम काढू नये. पण उपचारानंतर माणूस किती काळ जगू शकतो याची कल्पना यावी म्हणून ती सांगितली. एवढा काळ मिळाला की त्या काळात माणसाला इतर सगळे काही होऊ शकते.

या ‘इतर सगळ्या’ची उत्तम मोजदाद अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये झाली. १९९१ ते २००८ या काळात तिथे अँजिओप्लास्टी होऊन घरी गेलेल्या १९,०७७ रुग्णांचा मागोवा घेतला गेला. प्रत्येक मृत्यूचे कारण कागदपत्रांवरून ठरवले. सुरुवातीच्या सहा वर्षांतल्या रुग्णांपैकी ९.८ टक्के पाच वर्षांच्या आत हृदयाच्या कारणाने गेले होते. शेवटच्या सहा वर्षांतल्या रुग्णांत हे प्रमाण ६.६ टक्क्यांवर आले. त्याच वेळी हृदयाशी संबंध नसलेल्या कारणांनी जाणाऱ्यांचे प्रमाण ७.१ वरून ११.२ टक्क्यांवर गेले. शेवटच्या काळातल्या सगळ्या मृत्यूंपैकी फक्त ३६.८ टक्के हृदयामुळे झालेले होते. उरलेल्यांत कर्करोग आणि दीर्घकाळ चालणारे इतर आजार ठळक होते. डेन्मार्कमध्येही असेच दिसले. तिथे मोठ्या झटक्यात तातडीने अँजिओप्लास्टी झालेल्या २,८०४ रुग्णांत पहिला महिना हृदयाचा होता. त्या महिन्यातले बहुतेक मृत्यू हृदयामुळेच झाले. मात्र तीस दिवस उलटल्यानंतरच्या मृत्यूंपैकी ६५ टक्के हृदयाबाहेरच्या कारणांचे होते. त्यांत कर्करोग आणि फुप्फुसाचे विकार पुढे होते.

इथे एक चुकीचा निष्कर्ष फार लवकर निघतो, आणि तो आपल्याकडच्या बैठकीत मी ऐकलाही आहे: म्हणजे स्टेंटमुळे कॅन्सर होतो! तसे नाही. शंभर माणसांच्या मृत्यूंची बेरीज शेवटी शंभरच होणार. एका कारणाचा वाटा कमी झाला की दुसऱ्या कारणांचा वाटा वाढतो, मग ती दुसरी कारणे जागची हललेली नसली तरी. शिवाय नंतरच्या वर्षांत अँजिओप्लास्टी अधिक वयस्क आणि आधीच इतर आजार असलेल्या लोकांवर होऊ लागली. मेयोच्या संशोधकांनी वय आणि इतर आजार यांचा हिशेब वेगळा काढला, तेव्हा हृदयाच्या मृत्यूंत ५० टक्के घट राहिली आणि इतर कारणांच्या मृत्यूंत काहीच बदल उरला नाही. झटक्याने किंवा अचानक होणारे मृत्यू खरोखर कमी झाले होते. अशक्त झालेल्या हृदयाने होणारे मृत्यू मात्र कमी झाले नव्हते.

या अशक्त हृदयाकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे, कारण घरच्यांना ते ओळखू येत नाही. झटक्यात हृदयाच्या स्नायूचा जो भाग मेला, तो स्टेंटने परत येत नाही. तिथे व्रण राहतो. उरलेला स्नायू जास्त काम करतो, हळूहळू ताणला जातो, पसरतो. मग पायांना सूज येते, रात्री आडवे झाले की दम लागतो, दोन उशा लागतात, पुढे बसून झोपावे लागते. यात छातीत कळ नसते. त्यामुळे ‘हार्ट तर ठीक आहे, दम्याचा त्रास वाढला’ असे म्हणून दिवस काढले जातात. आणि त्याच व्रणातून हृदयाची लय बिघडून अचानक मृत्यूही येऊ शकतो. झटक्यानंतर हृदयाची शक्ती कमी झालेल्या १४,६०९ रुग्णांच्या ‘व्हॅलिएंट’ अभ्यासात अशा अचानक मृत्यूचा धोका पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त, सुमारे १.४ टक्के होता. दोन वर्षांनंतर तो महिन्याला ०.१४ टक्क्यांवर उतरला. पहिल्या महिन्यात माणूस ‘आता बरा आहे’ म्हणून लग्नाला निघतो, तेव्हा हा आकडा लक्षात ठेवावा.

बायपासची गोष्ट थोडी वेगळी आहे. पायातून काढलेल्या शिरेचा जोड दहा वर्षांत जवळजवळ निम्म्या वेळा बंद पडतो किंवा खराब होतो. छातीच्या आतल्या धमनीचा जोड दहा वर्षांनीही बहुतेक वेळा चालू असतो. आपल्या वडिलांना कोणता जोड लावला आहे, हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेले असते. किती जणांनी ते वाचले आहे?

दोन सार्वजनिक उदाहरणे बोलकी आहेत. डॉ. मनमोहन सिंग यांची पहिली बायपास १९९० मध्ये इंग्लंडमध्ये झाली, तेव्हा त्यांनी साठीही गाठली नव्हती. पुढे २००४ मध्ये अँजिओप्लास्टी झाली. जानेवारी २००९ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये दुसरी बायपास झाली. ती मुंबईहून गेलेल्या डॉ. रमाकांत पांडा यांच्या पथकाने केली. २६ डिसेंबर २०२४ रोजी ते गेले तेव्हा ९२ वर्षांचे होते, आणि एम्सच्या निवेदनात वयोमानाने येणाऱ्या आजारांचा उल्लेख होता. दुसरीकडे मुंबईचे नामांकित हृदयशल्यविशारद डॉ. नितू मांडके. बाळासाहेब ठाकरे यांची बायपास त्यांनी केली होती. मांडके २२ मे २००३ रोजी हृदयविकाराच्या झटक्यानेच गेले, वयाच्या ५५व्या वर्षी. त्यांचे रुग्ण बाळासाहेब २०१२ पर्यंत, ८६ वर्षे जगले. ज्याच्यावर उपचार झाला आहे तो अल्पायुषी आणि ज्याच्यावर झालेला नाही तो निर्धास्त, असा हिशेब या आजारात बसत नाही.

आता मेयो क्लिनिक आणि डेन्मार्कहून आपल्या धानाच्या बांधीवर येऊ. तिथले आकडे इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. भारतीय उपखंडातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी येतो, इतर देशांतल्या लोकांना ५९च्या आसपास, असे ‘इंटरहार्ट’ या ५२ देशांच्या अभ्यासातून दिसले. म्हणजे आपला रुग्ण तरुण आहे; कर्करोगाचे किंवा म्हातारपणाचे वय अजून लांब आहे. त्याने उरलेल्या आयुष्यात हृदयानेच जावे असे काही विधिलिखित नाही, पण तो जातो. का जातो? ‘क्रिएट’ अभ्यासातले एक निरीक्षण मला त्यातल्या इतर सगळ्या आकड्यांपेक्षा महत्त्वाचे वाटते. तीस दिवसांत गरीब रुग्णांपैकी ८.२ टक्के गेले, श्रीमंतांपैकी ५.५ टक्के. दोघांना मिळालेल्या औषधोपचारातला फरक हिशेबातून वजा केला, तेव्हा मृत्यूंतला फरक जवळजवळ नाहीसा झाला. गरिबाचे हृदय वेगळे नव्हते. त्याला औषधे कमी मिळाली होती.

हे पहिल्या महिन्याचे झाले. पुढच्या वर्षांचे काय? भारताच्या महानिबंधक कार्यालयाबरोबर डॉ. प्रभात झा यांच्या चमूने लाखो घरांत जाऊन ‘तुमच्या घरातला माणूस कसा गेला’ हे विचारण्याचे मोठे काम केले. त्या माहितीवर २०१८ मध्ये जो लेख आला, त्यात हृदयविकाराने होणारे अकाली मृत्यू खेड्यांत वाढत असल्याचे दिसले. आणि ज्यांना आपला आजार आधीपासून माहीत होता, अशा मृतांपैकी निदान निम्मे जण नियमित औषध घेत नव्हते.

निदान झाले होते. कित्येकांवर उपचारही झाले असतील. गोळ्या थांबल्या होत्या.

गोळ्या का थांबतात हे शहरातल्या डॉक्टरला सहसा कळत नाही, आपल्याला कळते. समजा, खैरलांजीच्या बाजूचा एक पन्नाशीचा शेतकरी आयुष्मान कार्डावर नागपूरला अँजिओप्लास्टी करून आला. कार्ड राज्याच्या सीमेपलीकडे चालते, ही फार मोठी सोय आहे. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने औषधी स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर आणली, त्यामुळे त्या पाच लाखांची ताकदही वाढली. पण इस्पितळातून सुटल्यानंतरची औषधे ही योजना १५ दिवसांपुरतीच देते. सोळाव्या दिवसापासून खर्च खिशातून. जून-जुलैत रोवणी सुरू होते. गोळ्या संपतात, तालुक्याला जायला दिवस मोडतो, मजूर मिळत नाहीत, आणि माणसाला तर काहीच होत नसते! छाती दुखत नाही, दम लागत नाही. मग ‘रोवणी आटोपली की आणू’.

स्टेंटनंतरचे पहिले काही महिने रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या लागतात, कारण त्या जाळीवर शरीराचे स्वतःचे अस्तर यायला वेळ लागतो. तोपर्यंत रक्ताला ती परकी वस्तूच वाटते, आणि तिच्यावर गुठळी बसू शकते. अमेरिकेतल्या एका नोंदणीत औषधी स्टेंट बसवलेल्यांपैकी ज्यांनी यातली एक गोळी पहिल्या महिन्यातच सोडली, त्यांपैकी ७.५ टक्के पुढच्या अकरा महिन्यांत गेले. घेत राहिलेल्यांपैकी ०.७ टक्के. गोळी सोडणारे लोक मुळातच अधिक आजारी आणि अधिक गरीब होते, हे त्यात धरले पाहिजे. तरीही दहापटीचा फरक डोळ्याआड करण्याजोगा नाही. दात काढायचा आहे, मूळव्याधीचे ऑपरेशन आहे, म्हणून कोणी ‘ती गोळी बंद करा’ म्हटले, तर स्टेंट बसवणाऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करू नये. या गोळ्यांनी रक्तस्राव होऊ शकतो, शौच काळे होऊ शकते, हेही खरे. त्यासाठी डॉक्टरकडे जावे, गोळी आपल्या मनाने फेकू नये. दोनांपैकी एक गोळी पुढे डॉक्टरच थांबवतात. साधारणपणे ॲस्पिरिन आणि चरबीची गोळी आयुष्यभर राहते, आणि या दोन्ही जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळतात. महिन्याचा तो खर्च घरातल्या खर्ऱ्याच्या खर्चाशी एकदा ताडून पाहावा.

खर्ऱ्याचे नाव निघाले आहे तर तिथेच थोडे बोलू. आपल्या भागात पाहुणा आला की चहाआधी खर्रा घोटला जातो. बिडी सोडलेले कित्येक जण ‘आता फक्त खर्रा’ असे अभिमानाने सांगतात. ‘इंटरहार्ट’मध्ये नुसता तंबाखू चघळणाऱ्यांनाही झटक्याचा धोका दुपटीने जास्त दिसला. आणि हृदयातून जो वाचला, त्याच्या तोंडात तोच खर्रा कर्करोगाची तयारी करत असतो. हृदयाबाहेरचे मृत्यू म्हणून ज्यांची मोजदाद परदेशात होते, त्यांतले बरेच हृदयविकाराच्याच मुळातून फुटलेले असतात: तंबाखूतून कर्करोग, बिडीतून आणि चुलीच्या धुरातून फुप्फुसाचा आजार, साखरेतून आणि रक्तदाबातून मूत्रपिंड निकामी होणे, पक्षाघात. उलट बाजूने पाहिले तर हृदयविकारानंतर बिडी-सिगारेट सोडणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण न सोडणाऱ्यांपेक्षा ३६ टक्क्यांनी कमी आढळले. एवढा लाभ एका सवयीतून देणारी गोळी अजून कोणी काढलेली नाही.

आणखी एक कारण कागदावर कधीच येत नाही. झटक्यानंतर माणूस खचतो. बैल सोडायचे नाहीत, पोते उचलायचे नाही, घरचे निर्णय मुलाकडे जातात, आणि तो ओट्यावर बसून राहतो. मॉन्ट्रियलमधल्या २२२ रुग्णांच्या अभ्यासात १९९३ सालीच दिसले होते की झटक्यानंतर नैराश्य आलेल्यांचे पहिल्या सहा महिन्यांतले मृत्यू स्पष्टपणे जास्त होते. आपल्याकडे याला ‘स्वभाव बदलला’ म्हणतात.

यावर काही करता येते का? बंगळुरूच्या संशोधकांनी १४ इस्पितळांतल्या ८०६ रुग्णांवर एक साधा प्रयोग केला. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी वर्षभर निम्म्या रुग्णांना अधूनमधून भेटून गोळ्या, तंबाखू, चालणे यांची चौकशी केली. त्या रुग्णांत गोळ्या चुकवणारे कमी झाले. यात यंत्र नाही, नवे औषध नाही. आशाताईंना हे काम सहज जमेल, असे माझे मत आहे; त्यांच्यावर आधीच किती कामे लादली आहेत हे पाहता ते फुकट मागू नये, हेही.

शेवटी त्या वाक्याकडे, ‘हार्टने गेले’. भारतात २०२० मध्ये नोंदलेल्या मृत्यूंपैकी फक्त २२.५ टक्के मृत्यूंचे कारण डॉक्टरने प्रमाणित केलेले होते. बाकीच्यांच्या बाबतीत घरच्यांनी सांगितले तेच. इस्पितळात मृत्यू झाला तर नमुना ४ आणि घरी झाला तर नमुना ४-अ असा कागद असतो, आणि त्यात कारणांची एक साखळी भरायची असते: शेवटचे कारण वर, त्याच्यामागचे त्याखाली, आणि ज्याने सगळे सुरू झाले ते सर्वांत खाली. ‘हृदयक्रिया बंद पडली’ हे त्यात कारण म्हणून चालत नाही. हृदयक्रिया सगळ्यांचीच बंद पडते. आपल्या कल्पनेतल्या त्या शेतकऱ्याचा स्टेंट नऊ वर्षांनीही उघडा आहे, पण साखरेने मूत्रपिंडे गेली, अंगावर पाणी चढले आणि न्यूमोनिया झाला, तर वर न्यूमोनिया, त्याखाली मूत्रपिंड, आणि तळाला मधुमेह असे लिहावे लागेल. धाकट्या भावाला आणि मुलाला साखर तपासून घ्यायला सांगणारा तोच एक कागद असतो. ‘हार्टने गेले’ असे लिहिले तर ते दोघे ईसीजी काढून येतील आणि निर्धास्त होतील.

डॉक्टरला ही साखळी लिहिता यावी म्हणून जुने कागद लागतात: अँजिओग्राफीचा अहवाल, डिस्चार्ज कार्ड, स्टेंटचे कार्ड, शेवटचे क्रिएटिनिन, चालू गोळ्यांची चिठ्ठी. बहुतेक घरांत हे सगळे एका प्लॅस्टिकच्या पिशवीत असते, धान्याच्या कोठीवर किंवा देवघरामागे. ती पिशवी कुठे आहे हे घरातल्या निदान दोघांना ठाऊक असावे, आणि प्रत्येक वेळी डॉक्टरकडे जाताना ती बरोबर असावी.